सेकंड हँड सिटी: पाहणीच्या नोंदी (पुणे, नोव्हेंबर–डिसेंबर 2025)

1 नोव्हेंबर 2025

गरज: पाच माणसांचं कुटुंब, महिन्याला साधारण 900 किमी, त्यात पुणे–कोल्हापूरची एखादी फेरी. डिकी मोठी हवी. दुरुस्ती, टायर, नावावर करणं हे सगळं धरून साडेसहा लाख, त्याच्या वर नाही.

एवढ्या रनिंगला डिझेल नको. ठरलं ते होंडा सिटीचं चौथ्या पिढीचं मॉडेल, पेट्रोल मॅन्युअल, शक्यतो फेब्रुवारी 2017 च्या फेसलिफ्टनंतरचं, कारण त्यात खालच्या व्हेरिअंटलाही दोन एअरबॅग आणि एबीएस आहे. 1497 सीसीचं आय-व्हीटेक इंजिन, 119 पीएस, टायमिंग चेन, 510 लिटर डिकी. खोट एकच म्हणावी अशी: 165 मिमी ग्राउंड क्लिअरन्स आणि लांब व्हीलबेस, म्हणून पोट घासलेलं असणारच. घासलं आहे का हे बघायचं नाही, काय काय घासलं ते बघायचं.

जाहिरातींतून तीन गाड्या उरल्या. अ: जानेवारी 2018, एमएच-12, पहिला मालक, 71,400 किमी, 6.10 लाख. ब: 2017, एमएच-14, दुसरा मालक, 58,000 किमी, 5.60 लाख. क: 2017, एमएच-08, डीलरकडे, 49,000 किमी, 5.25 लाख.

4 नोव्हेंबर – कागद, गाडी बघण्याआधी

गाडी बघायला जाण्याआधी तिघांकडून आरसी, चालू विमा पॉलिसी आणि सर्व्हिस बिलांचे फोटो मागवले. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे पेट्रोल जाळून जाण्यात अर्थ नाही.

एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून मालकाचा क्रमांक, बँकेचा बोजा, इंधन, विम्याची मुदत आणि ब्लॅकलिस्टचा शेरा बघितला. ई-चलनं वेगळी तपासली. अ वर बँकेचा बोजा अजून दिसतोय, मालक म्हणतात कर्ज फिटलंय. शक्य आहे, कर्ज फिटलं तरी फॉर्म 35 भरून बोजा उतरवायचं बरेच जण विसरतात. बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकनही द्यायचं नाही.

पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, हा सगळ्यात स्वस्त अपघात-अहवाल. क्रम ठरलेला असतो: क्लेमविना एक वर्ष गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50. क्लेम घेतला की पुन्हा शून्यापासून. अ ची पॉलिसी जानेवारी 2025 ची, बोनस 35 टक्के. म्हणजे 2022, 2023, 2024 कोरडी गेली आणि 2021 च्या पॉलिसी-वर्षात क्लेम झालाय. मालक फोनवर म्हणाले, "एक दरवाजा रंगवलाय फक्त." खरं-खोटं गाडीवर कळेल. ब वर 50 टक्के. क ची जुनी पॉलिसी डीलर देत नाही, त्याच्याकडे फक्त नवीन थर्ड पार्टी. हे खटकलं.

आणखी एक: होंडाने ऑक्टोबर 2024 मध्ये इंधन पंपासाठी जुन्या गाड्या परत बोलावल्या, त्यात 2017-18 मध्ये बनलेल्या सिटी आहेत. पंपातला इम्पेलर सदोष, त्यामुळे गाडी चालता चालता बंद पडू शकते किंवा सुरूच होत नाही. चासी नंबर होंडाच्या साइटवर टाकला की कळतं. अ चा पंप बदलायचा बाकी निघाला. काम फुकट आहे, मालकांनाच सौद्याआधी करून घ्यायला सांगितलं.

8 नोव्हेंबर – गाडी क

बाहेरून चकचकीत. रंगाची जाडी मीटरने मोजली: सगळीकडे 90 ते 120 मायक्रॉन, म्हणजे कंपनीचा रंग. इतकी कमी चाललेली, कुठे न ठोकलेली गाडी आणि भाव सगळ्यांत कमी. डीलरने दोन्ही दारं उघडून दाखवली. आम्ही सीटबेल्टपासून सुरुवात केली.

पुढचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला. वरचा हातभर पट्टा स्वच्छ, रीलजवळचा तळाचा भाग मळकट पिवळा आणि कडक. मागचे दोन्ही बेल्ट मात्र लेबलवरच्या तारखेनुसार गाडीपेक्षा चार वर्षांनी तरुण. मागचे बेल्ट कोणी उगाच बदलत नाही.

सीट पुढे सरकवून रेल बघितली: आतल्या बाजूला गंज, सीटच्या स्प्रिंगवरही. दाराजवळची प्लास्टिक पट्टी काढून कार्पेट उचललं, खालचा फोम नवा. डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या पायाशी जे कनेक्टर असतात त्यांच्या पिनांवर हिरवट थर. स्टिअरिंग कॉलमच्या ब्रॅकेटचे बोल्ट गंजलेले. डिकीतली स्टेपनी काढली तर खोबणीच्या रबरी बुचाभोवती बारीक गाळ सुकून बसलेला.

डीलरचं म्हणणं, "कोकणातली गाडी आहे साहेब, गंज असणारच." खारी हवा गंज आणतेच, पण तो बाहेरून आणि खालून येतो: सायलेन्सर, सस्पेन्शनचे हात, चाकांच्या कमानी, दाराच्या खालच्या कडा, बॉनेटची पुढची ओठासारखी घडी. इथे उलट आहे. खालून गाडी बरी, आणि केबिनमध्ये, जिथे खारी हवा काही करू शकत नाही, तिथे गंज. हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचा गंज. रत्नागिरी पासिंग, आणि दाखवलेल्या बिलांत जून 2021 नंतर थेट जानेवारी 2022. मधल्या 22 जुलैला चिपळूण पाण्याखाली होतं. गाडी तिथे होती याचा पुरावा आमच्याकडे नाही, पण पाणी सीटच्या वर गेलं होतं एवढं गाडीच सांगते.

पाण्यात बुडालेली गाडी स्वस्तात का घेऊ नये? इंजिन उघडून धुता येतं, ते खरं दुखणं नाही. एअरबॅगचा कंट्रोलर मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतो. वायरिंगचे जोड कार्पेटखालून जातात. तांब्याचा गंज तारेच्या आत, आवरणाखाली सरकत राहतो. आज पॉवर विंडो, सहा महिन्यांनी एबीएसचा दिवा, वर्षाने पावसात गाडी सुरू होत नाही. दरवेळी दोष नवा आणि गॅरेजवाल्याच्या हाती काही लागत नाही. हे फक्त कोकणाचं नाही: 2019 च्या ऑगस्टमधलं कोल्हापूर-सांगली आणि 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी, दोन्हीकडच्या गाड्या बाजारात आहेत आणि त्यांच्या नंबरवरून काहीच कळत नाही.

क बाद.

9 नोव्हेंबर – गाडी ब

सकाळी सातला पोचलो, गाडी सुरू करून ठेवू नका असं आदल्या दिवशी सांगितलं होतं. बॉनेटवर हात ठेवला: कोमट. मालक म्हणाले, "जागा बदलली फक्त." ठीक, पण थंड इंजिनची चाचणी वाया गेली असं धरून चाललो. तरीही सुरू करताच पहिलं अर्धा मिनिट इंजिन मिसिंग मारत होतं.

इंजिनच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा ओबीडीचा डोंगल लावला. इंजिनचा दिवा पेटलेला नाही, दोषांचे कोड शून्य. पण कोड पुसल्यापासून गाडी किती चालली याचीही नोंद ईसीयूत, म्हणजे त्याच संगणकात, असते, आणि ती होती 18 किमी. कॅटॅलिस्टचा मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच करायची तपासणी, अपूर्ण. म्हणजे काल-परवा कोणीतरी कोड पुसलेत. नुसतं "एरर नाही" हे वाक्य निरुपयोगी आहे. कोड पुसून किती किमी झाले तो आकडा आधी बघा.

फ्युएल ट्रिम बघितलं, म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी देतोय ते. आयडलला लाँग टर्म अधिक 14 टक्के, 2,500 आरपीएमला अधिक 4. ±5 च्या आत असेल तर निर्धास्त, ±10 च्या पुढे कारण शोधावंच लागतं. आयडलला जास्त आणि रेस केल्यावर कमी हे चित्र हवेच्या गळतीचं: थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे कुठून तरी न मोजलेली हवा आत जाते. आयडलला एकूण हवाच कमी, म्हणून तिथे तिचा वाटा मोठा दिसतो.

गळती शोधताना इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांवर) चार छोटी भोकं सापडली, प्रत्येक सिलिंडरला एक, एम-सील भरून बुजवलेली. मग बाकीचं आपोआप दिसलं. डिकीच्या तळाला स्टेपनीच्या पुढे चार बोल्टची भोकं रबरी बुचांनी झाकलेली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरातून गेलेली आणि पुढे कापलेली वायर, इंजेक्टरच्या वायरिंगवर इन्सुलेशन टेपचे जाड गोळे. सीएनजी किट होतं आणि काढलं आहे. आरसीवर इंधन फक्त पेट्रोल, म्हणजे किटची नोंद आरसीवर कधी केलीच नाही.

कागदाचा भाग बाजूला ठेवला तरी या इंजिनला ते महागात पडतं. पेट्रोलच्या थेंबांमुळे व्हॉल्व्हला जो थोडा गारवा मिळतो तो गॅसमध्ये नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या टेकायच्या कडीत (व्हॉल्व्ह सीटमध्ये) हळूहळू खोल बसत जातो, त्याचा दांडा वर येतो आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली मोकळीक, कमी होत जाते. ज्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात तिथे ही फट आपोआप सांभाळली जाते. सिटीच्या या इंजिनात स्क्रू आणि लॉकनट आहे, फट हातानेच लावावी लागते. ती संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, गळणारा गरम वायू त्याची कड जाळतो, आणि मग हेड उतरवण्यापलीकडे इलाज नसतो. सुरुवातीचं मिसिंग हेड खराब असल्याची खात्री देत नाही, पण टॅपेट कव्हर उघडून फट मोजायला मालक तयार नाहीत, आणि न मोजता ही गाडी घेणं म्हणजे हेडचं काम गृहीत धरून घेणं.

58,000 किमीही पटले नाहीत. सीएनजी बसवणारा माणूस वर्षाला सात हजार किमी चालवत नाही. क्लचच्या पेडलचं रबर एका कडेला गुळगुळीत, स्टिअरिंगची कातडी दहा-दोनच्या जागी तेलकट. 50 टक्के बोनस असेलही खरा. त्याने या गाडीच्या पोटातलं काही बदलत नाही.

ब बाद. निघताना मालकांना इंजेक्टरच्या वायरिंगवरचे टेपचे गोळे तेवढे नीट सोल्डर करून घ्यायला सांगितलं, चालत्या गाडीत शॉर्ट व्हायला नको.

15 नोव्हेंबर – गाडी अ, बॉडी आणि थंड इंजिन

बॉनेट गार. चांगली सुरुवात.

रंगाची जाडी, मायक्रॉनमध्ये: छप्पर 96–108, बॉनेट 100–115, डावी बाजू पूर्ण 90–120, डिकी 105. उजवं पुढचं फेंडर 235–250, उजवा पुढचा दरवाजा 190–230, मागचा उजवा 110. दोनशेच्या आसपास म्हणजे पुन्हा रंगवलेलं. पाचशेच्या पुढे गेलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली असते. इथे लांबी नाही. बंपर प्लास्टिकचे, त्यांवर हे मीटर चालत नाही, तिथे उजेडात तिरकं बघून रंगाची छटा जुळवावी लागते. मीटर नसेल तर फ्रिजवरचं पातळ चुंबक कापडात गुंडाळून फिरवा. लांबीवर पकड सुटते.

फेंडरच्या बोल्टांच्या डोक्यावरचा रंग फुटलेला, म्हणजे फेंडर काढलंय किंवा बदललंय. उजवा हेडलॅम्प डाव्यापेक्षा स्पष्ट आणि नवा. आता खरा प्रश्न: मार फेंडरवर थांबला की आत गेला? बॉनेट उघडून एप्रनची (फेंडरच्या आतल्या पत्र्याची) शिवण बघितली. कंपनीचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे गोल खड्डे. सीलंटची रेघ एकसंध. शॉकअपच्या टॉवरवर जाडी 80–95, म्हणजे तिथे कोणी हात लावलेला नाही. रेडिएटरचा वरचा सपोर्ट सरळ. दाराची फट वर-खाली सारखी. ठोकर वरवरची होती.

ऑक्टोबर 2021 चं बॉडीशॉपचं बिल मालकांनी शोधून दिलं: उजवं फेंडर, हेडलॅम्प, पुढचा बंपर नवीन; दरवाजा रंगवला. 34,200 किमी. बोनसचं गणित, मायक्रॉनचे आकडे आणि बिल, तिन्ही एकच गोष्ट सांगतात. "एक दरवाजा" ही मालकांची आठवण कच्ची, पण लपवाछपवी नाही.

सुरू करण्याआधी: ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेजवळ, तपकिरी. कूलंटच्या बाटलीत निळं, होंडाचं मूळचं, पहिल्यापासूनचं. हिरवं किंवा गुलाबी असतं तर का बदललं ते विचारलं असतं, कारण कंपनीचं कूलंट इतक्या लवकर बदलावं लागत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही. साय दिसली तरी लगेच हेड गॅस्केट म्हणू नये. थंडीत फक्त दोन-दोन किमी चालणाऱ्या गाडीतही ती धरते. कूलंट कमी होत असेल तर मात्र काळजी.

बॅटरी बंद गाडीत 12.5 व्होल्ट, स्टार्टर मारताना 10.1 पर्यंत उतरली, 9.6 च्या खाली गेली असती तर बॅटरी मोजून घेतली असती. सुरू झाल्यावर 14.3 आणि काही मिनिटांत 12.7. इथे बरेच जण "अल्टरनेटर गेला" म्हणतात. होंडात वीज कमी लागत असेल तर ईसीयू अल्टरनेटरला मुद्दाम विश्रांती देतो. हेडलाइट आणि ब्लोअर पूर्ण लावला: 14.2. अल्टरनेटर ठणठणीत.

चेनचा खडखडाट नाही. सायलेन्सरमधून पांढरी वाफ, सकाळच्या थंडीची, गरम झाल्यावर गेली. दहा मिनिटं आयडलला ठेवून एकदम रेस केलं: निळा धूर नाही, म्हणजे व्हॉल्व्हचे ऑइल सील ठीक. कोड पुसल्यापासून 6,400 किमी, सगळे मॉनिटर पूर्ण, लाँग टर्म ट्रिम आयडलला अधिक 2.3, रेसला अधिक 1.6. तापमान 88 वर जाऊन स्थिर. आयडलला स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर, एसी लावला की जास्त. उजव्या इंजिन माउंटिंगवर संशय.

15 नोव्हेंबर, दुपार – रस्त्यावर

जुना कात्रज घाट, कारण एकाच रस्त्यावर चढ, वळणं आणि उतार मिळतात.

क्लच: चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाने चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आरपीएम एकटाच वर पळाला असता तर प्लेट घसरत्येय. तसं नाही, पण पेडल बरंच वर आल्यावर गाडी पकडते. अजून वर्ष-दीड वर्ष निघेल. उतारावर तिसऱ्यात इंजिन ब्रेकिंग करत खाली येऊन मग ॲक्सिलरेटर दिला, मागे दुसऱ्या गाडीतून कोणी धूर बघत होतं. नाही.

60 वरून ब्रेक: सरळ थांबते, स्टिअरिंग हलत नाही. स्पीडब्रेकरवर पुढून डाव्या बाजूला "टक", एक चाक खड्ड्यात गेलं की हमखास. सस्पेन्शनला स्टॅबिलायझरच्या दांडीशी जोडणाऱ्या लिंक रॉडचा आवाज असाच असतो: दोन्ही चाकं एकदम उठली तर कमी, एकच उठलं की जास्त, कारण तेव्हाच स्टॅबिलायझर पिळतो. 70 च्या वेगाने सौम्य डावी-उजवी वळणं घेतली, गुणगुण वाढली-कमी झाली नाही. व्हील बेअरिंग ठीक.

एसी: मधल्या जाळीत थर्मामीटर, 1,500 आरपीएमला 7 अंश, उन्हात आयडलला 11. कूलिंग कॉइल गळणं हे या गाडीचं जुनं दुखणं, म्हणून पाऊण तासाने पुन्हा मोजलं. तेवढंच.

16 नोव्हेंबर – रॅम्प

ओळखीच्या नसलेल्या गॅरेजचा रॅम्प तासाभरासाठी घेतला. मालकांच्या नेहमीच्या गॅरेजला जायचं नाही आणि आपल्याही नाही, म्हणजे नंतर कोणाला बोलायला जागा राहत नाही.

पोट घासलंय: पुढच्या क्रॉस मेंबरवर ओरखडे, ऑइल चेंबरला एक घासल्याची खूण पण खड्डा नाही. डाव्या लिंक रॉडचं रबर फाटलंय, हाताने हलतो. दोन्ही लोअर आर्मचे मागचे बुश चिरलेले. टायर बारने ढकललं की आर्म चांगलाच सरकतो. पुढचे टायर आतल्या कडेने जास्त झिजलेत, त्याचं कारण हेच. उजवं इंजिन माउंटिंग हायड्रॉलिक असतं, त्यातून तेल पाझरलंय, थरथर त्याचीच. उजव्या ड्राइव्ह शाफ्टच्या सीलपाशी गिअर ऑइलचा ओलावा, थेंब नाही. शाफ्टचे रबरी बूट शाबूत. पुढच्या डिस्क कोरलेल्या किमान जाडीपेक्षा जवळपास 1 मिमी जास्त. मागचे ड्रम उघडले, शू अर्ध्याहून जास्त शिल्लक.

टायरवर 2322, म्हणजे 2022 चा तेविसावा आठवडा. बिलांत 39,000 च्या सुमारास टायर बदललेत. कंपनीचे टायर चाळीसेक हजार चालणं बरोबर, हे दुसरे बत्तीस हजार चालून 3 मिमीवर आलेत, तेही बरोबर. सर्व्हिस बिलांतले किमी दरवर्षी आठ-नऊ हजारांनी चढत गेलेत, कुठे उडी नाही, कुठे घसरण नाही. ओडोमीटर खरा धरायला हरकत नाही.

20 नोव्हेंबर – हिशेब आणि भाव

गॅरेजचा अंदाज: लिंक रॉड जोडी 3,200, लोअर आर्म जोडी 9,400, माउंटिंग 6,800, शाफ्ट सील आणि गिअर ऑइल 2,400, चार टायर 175/65 आर15 चे 21,200, अलाइनमेंट-बॅलन्सिंग 1,400, इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड 7,600. एकूण 52,000.

हे सगळे 52,000 मालकांकडून मागणं रास्त नाही. ऑइल-फिल्टर कोणत्याही घेणाऱ्याला करावंच लागतं. मागितलं ते एवढंच: पहिली चार कामं 21,800 आणि टायरचे निम्मे 10,600, मिळून 32,400. यादी फोटोंसह पाठवली. "बाजारात सात लाखाला जाते" विरुद्ध "साडेपाचला मिळते" या वादापेक्षा फाटलेल्या रबराचा फोटो जास्त काम करतो. 22 सप्टेंबरला नव्या गाड्यांवरचा जीएसटी उतरल्यापासून जुन्यांचे भावही नरमलेत, हे मालकांनाही माहीत होतं. 5.80 लाखांवर ठरलं, अट दोन: इंधन पंप बदलून आणि बँकेची एनओसी देऊन.

27 नोव्हेंबर – व्यवहार

पंप बदलल्याची जॉबशीट मिळाली. एनओसीही.

पूर्ण रक्कम बँकेतून. रोखीत दोन लाख किंवा जास्त घेणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे, त्यामुळे "थोडं कॅश द्या" या वाटेला कोणी जाऊ नये. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 दोन प्रती आणि फॉर्म 30, बोजासाठी फॉर्म 35. राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहून दोघांच्या सह्या. त्या मिनिटापर्यंतची चलनं त्यांची, पुढची आपली.

विमा: थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे येते, पण 14 दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलायचं. नो क्लेम बोनस गाडीचा नसून माणसाचा, म्हणून 35 टक्क्यांचा फरक नव्या मालकाला भरावा लागला. भाव ठरवताना हा खर्च बहुतेक जण धरत नाहीत. जुन्या मालकांनी त्यांचा फास्टॅग बंद केला. दोन्ही किल्ल्या घेतल्या आणि दोन्हींनी गाडी सुरू करून बघितली. इमोबिलायझरची दुसरी किल्ली नंतर करायला गेलं की चांगलेच पैसे जातात. गाडी एप्रिल 2019 च्या आधीची, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) नव्हती. तिची बुकिंग 745 रुपये अधिक जीएसटी.

6 डिसेंबर – पहिलं काम

लिंक रॉड, लोअर आर्म, माउंटिंग, सील, टायर झाले. आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना पक्के कसायला सांगितले. हवेत लटकत्या चाकावर कसले की बुश पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि वर्षभरात पुन्हा चिरतं. अलाइनमेंट त्यानंतरच. इंजिन ऑइल 0W-20, साडेतीन लिटरच्या आसपास.

टॅपेट रात्रभर उभ्या गाडीवर मोजले. इनटेक 0.15 ते 0.19 मिमी हवेत, सगळे त्यात. एक्झॉस्ट 0.26 ते 0.30 हवेत, तिसऱ्या सिलिंडरचा एक 0.24, बाकी बरोबर. तो 0.28 वर लावला, लॉकनट कसल्यावर पुन्हा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघितला, कारण कसताना स्क्रू थोडा फिरतोच. कव्हरचं गॅस्केट नवीन टाकलं. पुढची मोजणी 1,11,000 किमीला, स्पार्क प्लगसोबत. तिसऱ्याची त्याआधी एकदा, पुढच्या डिसेंबरात.